तिसऱ्या कडव्यात मी बसले म्हणे

ज्या गाण्यानं माझं वाटोळं केलं, त्याची चाल माझ्या आईची होती. सकाळी गल्लीत दुधाची गाडी शिरली की आई ओट्यापाशी उभ्या उभ्या हाक द्यायची, "सुनंदाऽऽ, दूध आलं गं, भांडं घे!" 'सु' खाली, 'नं' वर आणि 'दा' असा लांबवायची की कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचावा. मी आतल्याच खोलीत असायचे, हात लांब केला असता तरी लागला असता, पण आईला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. तिचं माहेर मळ्यातलं, आणि मळ्यात या बांधावरची हाक त्या बांधावर जावी लागते. ती हाक दूधवाल्या बबननं दारात उभं राहून रोज फुकट ऐकली आणि एक दिवस कॅसेटवर घातली. लोक याला प्रेरणा म्हणतात. मी दरोडा म्हणते.

आम्ही सातपूरच्या कामगार वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, पुढं सिमेंटचा ओटा, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्यात आणि आमच्यात वाटून घेतलेल्या, त्यामुळे त्यांच्या फोडणीची मोहरी आमच्या घरात तडतडायची. उठणं, जेवणं, निजणं सगळं कारखान्याच्या भोंग्यावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, वेल्डर होते. रिकामं बसणं त्यांना जमायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशीही ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन कुणाचं गेट, कुणाची खिडकी जोडून द्यायचे. त्यांच्या शर्टाला जळक्या लोखंडाचा वास यायचा आणि घराला दुधाचा. दुधाचा अशासाठी, की अण्णांना दुधाचं वेड. चहा म्हणजे निव्वळ दूध, त्यात पत्ती नुसती दाखवायची. तो बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून प्यायचे. शनिवारी आई आठवड्याची साय घुसळायची, तूप कढवायची, आणि खाली उरलेली बेरी साखर घालून मला आणि माझ्या धाकट्या भावाला, राजूला, वाटून द्यायची. बेरीवरून आम्ही एकमेकांचे केस ओढलेत. माझा वाटा नेहमी कमी असायचा, ते मी अजून विसरलेले नाही. माझ्या घरचे म्हणतात, बाई, तू काहीच विसरत नाहीस. खरं आहे ते.

दूध घालायला बबन यायचा. मखमलाबादच्या बाजूचा, त्याच्या बापाच्या म्हशी. माझ्याहून थोडा मोठा, अंगानं काटकुळा, केस मात्र वाढवलेले आणि मधोमध भांग. दारात आला की मान खाली घालून म्हणायचा, "ताई, भांडं." बस, एवढंच. 'ताई' म्हणायचा, लक्षात ठेवा. गाडी म्हणजे मोटरसायकल, तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, त्यांची झाकणं साखळीनं बांधलेली. गाडी खड्ड्यात गेली की ठण, गतिरोधकावर ठण-ठण. भोंग्याच्या आधी आमच्या कानावर तो आवाज पडायचा. कॅन अडकवायचा लोखंडी सांगाडा आमच्या अण्णांनीच केलेला. बबनचा बाप एका सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन वर्कशॉपवर आला, अण्णांनी मागचं सीट खोलून काढलं, अँगल कापले, डावीकडं दोन, उजवीकडं दोन आणि मधे सीटच्या जागी एक असे पाच कॅन बसतील असा सांगाडा जोडून दिला. काढलेलं सीट त्या बापाला नको होतं. अण्णा ते घरी घेऊन आले, कारण अण्णा काहीही टाकून देत नसत. काळ्या रेक्झिनचं, आत स्प्रिंग असलेलं ते सीट मी भिंतीशी ठेवलं आणि त्यावर बसून बारावीचा अभ्यास केला. फरशीच्या गारठ्यापेक्षा बरं होतं. मला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. आमच्या गल्लीत कुणाचीच मुलगी शिक्षिका नव्हती, त्यामुळे मी आधीच शेजारच्या पोरांना ओट्यावर बसवून पाढे घोकून घ्यायचे आणि चुकला की कान पिळायचे.

बबन गायचा हे आम्हाला माहीत होतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर, नवरात्रात बँजो पार्टीबरोबर. आवाज चांगला होता मेल्याचा, ते मी नाकारत नाही. मग एक दिवस त्यानं कॅसेट काढली. वर 'बॉबी नाशिककर' असं नाव, गॉगल घातलेला फोटो. पहिलंच गाणं, 'सुनंदा, बस ना मागं'. मुखडा असा:

सुनंदाऽ, बस ना मागं,
गाडी माझी पळते वाऱ्यासंगं!

चाल आईच्या हाकेची, अगदी जशीच्या तशी, तो लांबवलेला 'दा'सुद्धा. पहिल्या दोन कडव्यांत तो नुसता विनवण्या करतो आणि सुनंदा ऐकत नाही. इथंच गाणं संपवलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण तिसरं कडवं होतं:

टाकीपाशी थांबली, निळी ओढणी सावरली,
लाजत लाजत हसली, राणी मागं बसली!

टाकी आमच्या कोपऱ्यावरची. निळी ओढणी आमच्या कॉलेजच्या गणवेशाची, सगळ्याच पोरींना तीच. पण टाकी अधिक ओढणी अधिक सुनंदा, असा हिशेब गल्लीनं एका दुपारीत मांडला आणि उत्तर काढून मोकळी झाली.

ते गाणं असं पसरलं की विचारू नका. रिक्षात तेच, चहाच्या टपरीवर तेच, चांदवडच्या ढाब्यावर ट्रकवाले तेच लावायचे. सिटी बसमध्ये चढले की मागच्या बाकावरून "बस ना मागं" आणि खिदळणं. कंडक्टरही तिकीट देताना गालात हसायचा. नळावर बायका माझी घागर दिसली की गप्प व्हायच्या, आणि शेजारच्या काकू आईला माझ्यादेखत म्हणाल्या, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही हो." या काकूंनी माझ्या हातचं हळदी-कुंकू घेतलं होतं, त्यांच्या नातवाला मी पाढे शिकवले होते. आई त्या दिवसापासून मला नावानं हाक मारायची बंद झाली. "अगं" म्हणायची, तेही हळू. मळ्यातली बाई, जन्मात कधी हळू बोलली नव्हती, ती कुजबुजायला शिकली. याचा हिशेब कोण देणार आहे मला?

अण्णांना ते कारखान्यात कळलं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी टेप लावला आणि कुणीतरी म्हणालं, "काय हो, जावई आता दुधात पाणी कमी घालत असेल!" अण्णा डबा अर्धा टाकून उठले. घरी आले, चपला न काढता उंबऱ्यात उभे राहिले.

"उद्यापासून कॉलेज बंद."

परीक्षा तोंडावर आली होती. मी त्या काळ्या सीटवर बसलेली, मांडीवर पुस्तक. मी म्हटलं, "अण्णा, मी नाही बसले हो त्याच्या गाडीवर. आईशपथ नाही बसले."

"बसली का नाही, ते मी विचारलंच नाही," अण्णा म्हणाले, आणि आत जाऊन आडवे झाले.

मी रडले, आदळआपट केली, जेवण सोडलं. तेव्हा माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, मी नाही बसले, मी नाही बसले. खोटं एवढं मोठ्यानं वाजत असलं की माणूस नुसतं 'नाही, नाही' म्हणत राहतो, डोकं चालवायला उसंतच मिळत नाही. आजही कुणा पोरीला असं रडताना बघितलं की मला तिच्या आसपासच्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आता ऐका. माझं कॉलेज बंद झालं, माझं बाहेर जाणं बंद झालं, खिडकीत उभं राहणं बंद झालं. दूध बंद झालं नाही. बबन आता गायक झाला होता, म्हणून त्याचा थोरला भाऊ यायला लागला, त्याच गाडीवर, त्याच कॅनमधलं दूध घेऊन. माझ्या ऐवजी अण्णा स्वतः भांडं घेऊन बाहेर जायचे. मी पडद्याआडून बघायचे. गाडीच्या सांगाड्यावर हात ठेवून ते त्या भावाशी म्हशीच्या आजारपणाबद्दल बोलायचे. एकदा आईनं धीर करून म्हटलं, "त्यांचा रतीब तरी बंद करा." अण्णा म्हणाले, "दूध चांगलं आहे. पाणी घालत नाहीत." त्या दिवसापासून मी दूध तोंडाला लावलं नाही. चहा कोराच पिते, आजतागायत. लोकांना वाटतं पित्ताचा त्रास आहे.

मग बघायला येणारे सुरू झाले. चांदवडचं एक स्थळ आलं, पोहे खाल्ले, माझी पत्रिका विचारली, आणि नाव सांगताच मुलाच्या मामानं बशीवर बोटानं ठेका धरला. पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. शेवटी विंचूरचं स्थळ जमलं. कांद्याच्या आडतीवर नोकरी, माणूस सरळ. एकांतात बोलायला पाठवलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, त्या गाण्यातली सुनंदा म्हणतात ती मीच. तर हे म्हणाले, "मी गाणी ऐकत नाही. मला क्रिकेटची कॉमेंट्री आवडते." मी तिथंच मनातून होकार दिला. तरी लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी 'बस ना मागं' वाजवलंच, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. राजू धावत जाऊन बँडवाल्याच्या ट्रंपेटवर हात ठेवून उभा राहिला. आई मंडपात पदरात तोंड खुपसून बसली होती. तो पदर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मधली वर्षं मी गाळते. विंचूरला मुलं झाली, मग आम्ही पुन्हा सातपूरला आलो, मी पोळी-भाजी केंद्र सुरू केलं, कारखान्यातली एकटी पोरं डबे न्यायची. आई गेली. जाताना माझा हात धरून तिनं ओठ हलवले, पण नाव काही मोठ्यानं घेतलं नाही. तोवर कॅसेटी जाऊन सीडी आल्या होत्या, मोबाइल आले होते, आणि मला वाटलं, मेलं ते गाणं. कुठलं मरतंय! एक दिवस ह्यांनी पेपर माझ्यापुढं टाकला. शहरात एक मंडळ होतं, दर महिन्याला एक जुनं गाणं घ्यायचं आणि त्याच्यावर चर्चा करायची. या वेळचं गाणं 'बस ना मागं'. प्रमुख पाहुणे बॉबी नाशिककर. शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

"जायचंय?" ह्यांनी विचारलं.

"जायचंय," मी म्हटलं. मी लग्नाला नेसायची साडी काढली. इतकी वर्षं भाकऱ्या थापताना, भांडी घासताना मनात घोळवलेली वाक्यं माझ्याजवळ तयार होती, एकेक अशी धार लावलेली की बस्स. त्या माणसाला चारचौघांत तोंडाला काळं फासून घरी पाठवायचं, एवढाच बेत होता.

वाचनालयाचा हॉल भरलेला होता. मी मधल्या रांगेत, हे शेजारी. मंडळाचे प्रमुख पगार सर, निवृत्त शिक्षक, स्वच्छ पांढरा शर्ट, बोलायला गोड. त्यांची पद्धत अशी की गाणं तीनदा वाजवायचं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा थांबत थांबत, वाद घालत, आणि शेवटी सत्कार झाला की डोळे मिटून. कॅसेट एका रिक्षावाल्यानं आणलेली, शकीलभाई नावाचे, कारण बाकी कुणाकडं ती उरलेलीच नव्हती. स्टेजवर बबन. पोट सुटलेलं, केस काळे केलेले, गॉगल डोक्यावर. पुढच्या टेबलावर शाल घडी घालून ठेवलेली. मला बघून त्यानं ओळखलं नाही. मी त्याला अंधारातही ओळखलं असतं.

पहिल्यांदा गाणं वाजलं तेव्हा मी पदर हातात पिळत बसले. मुखडा लागला आणि आई हॉलमध्ये आली. खरंच सांगते, आईच आली. तिची ती हाक, जी तिनं माझ्यापायी गिळून टाकली होती, ती तिथं स्पीकरमधून ओरडत होती आणि अनोळखी माणसं मान डोलावत होती. धार लावलेलं एकही वाक्य मला आठवेना. मला वाटलं, आता आपण नुसतं रडून घरी जाणार.

मग वाद सुरू झाला. गंगापूर रोडच्या एक बाई म्हणाल्या, "शब्द अगदीच सुमार आहेत. 'मागं'ला 'संगं' जुळवलंय, याला काय काव्य म्हणायचं?"

"मॅडम, काव्य तुमच्या घरात," शकीलभाई म्हणाले. "हे रिक्षाचं गाणं आहे. द्वारका ते सातपूर पॅसेंजर दोन-दोन वेळा लावायला सांगायचे. उतरायचे नाहीत!"

नितीन म्हणून एक ढोलकी वाजवणारा पोरगा होता, तो म्हणाला, "मुखडा एक नंबर. खरंच कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. पण तिसऱ्या कडव्यात ठेका एकदम जड झालाय. तिथं गाणं पडलं."

"पडलं? अरे, तोच तर जीव आहे!" शकीलभाई उठून उभेच राहिले. "ती बसली ना मागं? मग गाडीला वजन आलं. ठेका जड होणारच!"

सगळा हॉल "वा, वा" करायला लागला. माझं वजन, बरं का. न बसलेल्या माझं वजन, आणि त्याला ही दाद! बबन स्टेजवर मान हलवत होता, जणू त्यानं हे सगळं ठरवूनच केलं होतं.

पगार सरांनी तिसरं कडवं पुन्हा लावलं आणि मधेच थांबवलं. "आणि हा मागचा आवाज? हा ठण, ठण? हे कुठलं वाद्य आहे, यावर लोकांचं कधी एकमत झालेलं नाही." झालं, पुन्हा जुंपली. कुणी म्हणे मंजिरी, नितीन म्हणे ऑक्टोपॅड, आणि गंगापूर रोडच्या बाई म्हणाल्या, "मला तर ते सुनंदाचे पैंजण वाटतात. ती बसताना वाजले." बबन मिश्कील हसत म्हणाला, "तुमीच वळखा! लय जनांनी विचारलं, मी कुनालाच सांगितलं नाय."

पैंजण! मला जन्मात कुणी पैंजण घेतले नाहीत. मी उभी राहिले. आवाज आईचा निघाला, पार मागच्या भिंतीपर्यंत.

"तो दुधाचा कॅन आहे."

बबननं टाळी वाजवली. "बराब्बर! ताई, मानलं तुमाला! एवढ्या वर्सांत पयल्यांदा कुनी वळखलं. मी दूध घालायचो ना तवा. स्टुडिओत गाडीच आत घेतली, कॅन बांधलेले तसेच, आन् माझा दोस्त मागून गाडी हलवत व्हता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पगार सर तर इतके खूश झाले की वहीत लिहून घ्यायला लागले.

"म्हणजे गाण्यातली गाडी तीच?" मी विचारलं.

"तीच म्हंजी काय, येकच व्हती की आपल्याकडं! गरिबी व्हती ताई."

"किती कॅन बांधायचात?"

"डावीकडं दोन, उजवीकडं दोन, आन् मधी येक."

"मधे म्हणजे सीटवर?"

"सीट कुठलं?" तो हसला. "दुधाच्या गाडीला मागं सीट नसतंय ताई. काढून टाकलेलं."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हा ज्याच्यावर बसून मी रडले होते, ते काळं रेक्झिनचं सीट मला दिसलं. मी हळू विचारलं, अगदी पाढा विचारावा तसं.

"मग सुनंदा कुठं बसली?"

आधी शकीलभाई हसले. मग नितीन हसला. मग सगळा हॉल. "मधल्या कॅनवर!" कुणी ओरडलं. "झाकण लावलं होतं का?" दुसरा म्हणाला, आणि जे हसणं उसळलं ते थांबेना. बबनही आधी हसला, मग त्याला कळेना आपण का हसतोय, मग गॉगल डोक्यावरून काढून हातात धरला.

हसू ओसरू दिलं मी. मग म्हटलं, "ती सुनंदा मीच. आमच्या आईच्या हाकेवर चाल बेतलीस, माझं नाव घेतलंस, आमची टाकी घेतलीस. एवढं सगळं खरं घातलंस, मग शेवटी खोटं कशाला घातलंस रे?"

बबन खाली बघून म्हणाला, "ताई, गान्यात आसं धरायचं नसतं. यमक जुळत व्हतं वो."

"तुझं यमक जुळलं, माझी बारावी गेली. आणि ताई म्हणू नकोस. कॅसेटवर राणी म्हणालास ना? दारात ताई आणि बाजारात राणी!"

शकीलभाई उठले, टेपमधून आपली कॅसेट काढली, खिशात घातली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बहन, इतकी वर्षं वाजवलं. कधी डोक्यातच आलं नाही." गंगापूर रोडच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या. पगार सर सत्काराचं विसरले की विसरल्यासारखं केलं, देव जाणे. मी निघाले तेव्हा शाल टेबलावर घडीतच होती आणि बबन तिच्याकडं बघत होता. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. इतकं गोड वाटलं की बेरीचा माझा राहिलेला वाटा कुणी आणून दिला असावा.

स्कूटरवर ह्यांच्या मागं बसून मी म्हटलं, "घरी नको. अण्णांकडं चला."

अण्णा वसाहतीतल्या त्याच दोन खोल्यांत एकटे राहायचे. राजूची नोकरी पुण्याला. आम्ही गेलो तेव्हा बशीत चहा ओतून बसले होते, साय तरंगणारा. मी धडाधडा सगळं सांगितलं, हसले, टाळ्या दिल्या. मला वाटलं होतं ते चमकतील. म्हणतील, अरेच्चा, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही! तेवढं म्हणाले असते तरी मला पुरलं असतं. ते बशीतली साय बोटानं बाजूला करत राहिले.

मी कॉटखाली हात घातला. सीट तिथंच होतं, अण्णा काहीही टाकून देत नसत. मी ते ओढून त्यांच्यापुढं ठेवलं. "हे कुठलं, अण्णा?"

"बबनच्या गाडीचं."

"कुणी काढलं?"

"मीच."

"मग तुम्हाला तेव्हा नाही सुचलं?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "सुचलं होतं की," ते म्हणाले. "कारखान्यात गाणं ऐकलं तेव्हाच सुचलं. तू बसली नव्हतीस, मला ठाऊक होतं."

"मग?"

"पण लोकांना कोण सांगत बसणार?"

हे खुर्चीवरून उठून बाहेर ओट्यावर गेले. मी तिथंच उभी. त्या माणसानं आपल्या हातानं सीट काढलं होतं, सांगाडा जोडला होता, रोज सकाळी त्यावर हात ठेवून गप्पा मारल्या होत्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं होतं, आईचा आवाज जाताना बघितला होता. एक वाक्य. त्या जेवणाच्या सुट्टीत उठून एक वाक्य बोलायचं होतं, की बाबांनो, त्या गाडीला मागं सीटच नाही, मीच काढलंय. पोरं हसली असती, गाणं तिथंच मेलं असतं. बबननं यमकासाठी केलं. यानं कशासाठी केलं? बोलायचा कंटाळा आला म्हणून?

पुढं अण्णांना एकटं राहणं जमेना, तेव्हा राजू म्हणाला, पुण्यात जागा नाही. मी म्हटलं, माझ्याकडं आणते. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. मी त्यांचं सगळं केलं. पथ्याचं जेवण, मऊ भाकरी, वेळेवर औषधं, आंघोळीला कढत पाणी. कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. फक्त चहा. पहिल्या सकाळी मी त्यांच्यापुढं कप ठेवला, कोरा. अण्णांनी कपात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मुलांसाठी दूध गॅसवर उतू जायला आलं होतं, त्याचा वास घरभर. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि प्यायले. डोळे मिटले नाहीत. त्यानंतर रोज सकाळी तोच कप, तोच कोरा चहा. शेवटपर्यंत एकदाही दूध मागितलं नाही. मागितलं असतं तर मी म्हणणार होते, दूधवाल्याला कोण सांगत बसणार? ते त्यांनाही ठाऊक होतं.

अण्णा गेले तेव्हा राजू आला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघताना पुरुषमंडळी ओट्यावर खोळंबली होती. राजू चपला घालता घालता आत डोकावला आणि म्हणाला, "ताई, राखेवर शिंपडायला दूध लागतं म्हणतात. घरात आहे का?"

फ्रिजमध्ये भरलेली पिशवी होती.

"नाही," मी म्हटलं. "वाटेत घे."